शिडीवरची आई

नागपूर
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार, एक्स-रे कधी, गोळ्या किती उरल्या, एवढंच बोलणं झालं. फोन स्पीकरवर असला की तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसून ऐकत असता आणि मला जे बोलायचं असतं ते घशाशी येऊन परत जातं. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्हीच मोठ्यानं वाचा आणि आईला ऐकवा. मधलं काही गाळू नका.

मी सांगलीहून निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या ऑफिसातले जुने सहकारी भेटायला आले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "आता या घरातलं बाईमाणूस मीच. ती बाहेरची सगळी पुरुषाची कामं करते, आणि मी गॅलरीत बसून लोकांच्या खिडक्या बघतो." ते हसले, तुम्हीही हसलात. त्या वेळी आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे टेबलावर ठेवून ती न बोलता आत गेली. तिचा चेहरा तुम्हाला दिसला नाही, कारण खुर्चीतून तुम्हाला मागे वळता येत नव्हतं. मला दिसला. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

बाबा, तुम्हाला 1991 ची दिवाळी आठवते? तुम्ही तीन दिवसांसाठी व्हीसीआर भाड्यानं आणला होता. दोन हिंदी कॅसेट आमच्यासाठी आणि एक इंग्रजी खास तुमच्यासाठी. आल्फ्रेड हिचकॉकचा 'रिअर विंडो'. कॉलेजात असल्यापासून त्याच्याबद्दल वाचत होतात, पण बघायला मिळाला नव्हता. तो 1954 चा सिनेमा, पण मधली कितीतरी वर्षं हिचकॉकचे पाच सिनेमे प्रदर्शनातून काढून घेतलेले होते. त्यांत हाही होता, आणि 1983 मध्ये तो पुन्हा बाहेर आला. त्या रात्री तुम्ही पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मला मराठीत सांगत होतात. मी दहा वर्षांची. जमिनीवर सतरंजी टाकून बसले होते. आई आत चकल्या तळत होती.

गेल्या आठवड्यात मी तो पुन्हा पाहिला. एकदा नाही, दोनदा. तुम्ही आणि आई दोघंही मला त्यात दिसलात, आणि तुमच्या त्या वाक्याचं उत्तरही.

आईनं पहिला भाग पाहिलेला नाही, म्हणून आधी थोडक्यात गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये ग्रिनिच व्हिलेज नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका इमारतीत जेफ नावाचा फोटोग्राफर राहतो. जेम्स स्ट्यूअर्टनं हे काम केलं आहे. मोटारींच्या शर्यतीचा फोटो काढायला तो भर ट्रॅकवर उभा राहिला आणि पाय मोडून बसला. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. भर उन्हाळा. चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर मागच्या चौकातली लोकांची घरं बघायची, दुसरं काही नाही. समोर दागिन्यांचा एक फिरता विक्रेता राहतो, थोरवाल्ड. त्याची आजारी बायको एका रात्रीनंतर दिसेनाशी होते. जेफला वाटतं, यानं तिला मारलं. तो संपूर्ण चौक पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभा केलेला सेट होता, 31 बिऱ्हाडांचा. कॅमेरा जवळजवळ शेवटपर्यंत जेफची खोली सोडत नाही. जेफला दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. बाबा, मागच्या गॅलरीतून तुम्हालाही आता तेवढंच दिसतं. समोरच्या विंगेत तबल्याचा रियाज करणारा मुलगा, तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं. त्यांच्याबद्दल तुम्ही फोनवर किती बारकाईनं सांगता! मला ते ऐकायला आवडतं. पण त्या सांगण्यात आई कुठेच नसते.

लिझा फ्रीमॉन्ट ही जेफची मैत्रीण. हे काम ग्रेस केली या नटीचं. आई, तीच, जी पुढे 1956 मध्ये मोनॅकोच्या प्रिन्सशी लग्न करून तिथली प्रिन्सेस झाली. 'रिअर विंडो'च्या वेळीच तिला 'ऑन द वॉटरफ्रंट' या सिनेमातलं कामही मिळत होतं. ते सोडून तिनं हे घेतलं. मला तिचं पटतं. त्या दुसऱ्या सिनेमातल्या मुलीनं नायकाला वाट दाखवायची असते. इथे लिझा स्वतः वाट चालून जाते.

ती पहिल्यांदा येते तो प्रसंग बघा. जेफ खुर्चीत झोपलेला. त्याच्या चेहऱ्यावर एक सावली पडते, तो डोळे उघडतो, आणि ती वाकून त्याचं चुंबन घेते. एरवी सिनेमात झोपलेली बाई असते आणि तिला उठवायला पुरुष येतो. इथे पुरुष पडून आहे आणि बाई चालत आली आहे. तो विचारतो, तू कोण? मग ती एकेक दिवा लावत जाते आणि एकेका दिव्याबरोबर आपलं नाव सांगते. लिझा. कॅरल. फ्रीमॉन्ट. खोलीत उजेड तिच्या हातानं येतो. जेवणही तीच आणते. 'ट्वेंटी वन' या नावाजलेल्या हॉटेलातून वेटर गरम डबे घेऊन तिच्या मागोमाग येतो. आणि जेफ काय म्हणतो? जेवण नेहमीसारखंच अगदी बिनचूक आहे. तिच्या चांगलेपणाबद्दल त्याची ही अशी तक्रार. तो तिला हिणवतो, की माझ्याबरोबर जंगलात, बर्फात, तांदूळ आणि माशांची डोकी खाऊन राहायला तुला जमणार नाही. हे सगळं तो म्हणतो खुर्चीत बसून, स्वतः पायरीसुद्धा उतरू शकत नसताना.

मला त्याचा राग आला, पण फार वेळ नाही. आयुष्यभर धावलेला माणूस एका जागी जखडला गेला, की जी धावते आहे तिच्यावरच चिडतो. बाबा, पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं तुम्ही कालव्यांवरून उन्हातान्हात फिरलात. तुमचा राग कुठून येतो ते मला कळतं. पण तो आईवर निघावा, हे मला सोसत नाही.

मूळ कथेत लिझा नाहीच, हे तुम्हाला माहीत आहे का? कॉर्नेल वूलरिचनं ती 1942 मध्ये लिहिली. तिथे समोरच्या घरात घुसण्याचं काम नायकाचा नोकर करतो, सॅम नावाचा. पटकथा लिहिताना जॉन मायकेल हेजनं लिझाला आणलं आणि त्या एका बदलानं सगळी गोष्ट वेगळी झाली. नोकर मालकाच्या शब्दाखातर जातो. लिझा स्वतःच्या डोक्यानं जाते. हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत यातली एक जुळणीही सांगितली आहे. इकडे पुरुष प्लास्टरमध्ये आणि बाई मोकळी फिरणारी. चौकापलीकडे बाई अंथरुणाला खिळलेली आणि नवरा येता-जाता. तिकडचा नवरा बायकोला जेवणाचा ट्रे नेऊन देतो आणि तिचा जीवही घेतो. हे कळल्यापासून मला इकडच्या खोलीतले ट्रे वेगळे दिसायला लागले.

आता आई, तुझ्यासाठी. खुनाचा छडा कशानं लागतो? दुर्बिणीनं नाही. जेफकडे दुर्बीण आहे, हातभर लांब लेन्स आहे, त्यातून तो रात्रंदिवस बघतो आहे. त्याचा पोलिसातला मित्र डॉइल चौकशी करून सांगतो की बाई आगगाडीनं गावाला गेली, विषय संपला. तेव्हा लिझा एक साधी गोष्ट विचारते. बाई गावाला गेली, तर तिची आवडती पर्स पलंगापाशी कशी राहिली? दागिने पर्समध्ये एकात एक गुंतवून कोण टाकतं? आणि दागिने घरी ठेवून कुठली बाई गावाला जाते? डॉइल हे उडवून लावतो. बायकांच्या अंतर्ज्ञानाच्या गोष्टी, म्हणतो. पुढे लग्नाच्या अंगठीचा विषय निघतो, तेव्हा नर्स स्टेला मात्र लगेच लिझाच्या बाजूला येते. तिच्या मते लग्नाची अंगठी काढायची तर बोटच कापावं लागेल.

पर्स आणि दागिन्यांचं ते बोलणं चाललं होतं, नेमकी तेव्हा तू कढई उतरवून दारात आली होतीस. हाताला चकलीचं पीठ. बाबांनी मला मराठीत सांगितलं ते तू ऐकलंस आणि म्हणालीस, "बरोबर आहे तिचं. मंगळसूत्र घरी ठेवून गावाला जाईल का कुणी? मारलंच त्यानं." बाबा म्हणाले, "अगं, पुरावा लागतो." तू म्हणालीस, "मग हा काय आहे?"

मला ते आजही कानात आहे. तू सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी तुला येत नव्हतं, आणि न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्हला जे समजलं नाही ते तू दारात उभी राहून ओळखलंस.

म्हणूनच, भूमिकांची अदलाबदल झाली असं सरळ म्हणायला माझं मन घेत नाही. लिझा पुरुष होत नाही. ती बाईच राहते, आणि बाई म्हणून जे तिला माहीत आहे तेच घेऊन पुढे जाते. पर्स कशी ठेवतात, दागिने कसे ठेवतात, बाई घरातून निघताना काय बरोबर घेते. ती एक छोटी पेटी घेऊन जेफकडे रात्र काढायला येते. त्यात रेशमी गाऊन, सपाता, सगळं बेतानं बसवलेलं. एका सुटकेसमध्ये राहायला जमणार नाही म्हणत होतास ना, बघ, असं तिला सांगायचं असतं. कपडे तर तुझ्यासारखीनं बघावेत. ईडिथ हेड या वेशभूषाकार बाईंनी केले आहेत. पहिल्या रात्री काळी चोळी आणि पांढऱ्या जाळीचा घेरदार झगा, मग काळा, मग फिकट हिरवा सूट. आणि ती समोरच्या घरात चढते तेव्हा अंगावर फुलाफुलांचा, मोठ्या घेराचा उन्हाळी झगा. मला वाटलं होतं, चढायचं म्हणजे आता तिला पँट घालतील. नाही. तशीच चढली.

आणि ते चढणं. आधी ती थोरवाल्डच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवून येते, त्याच्या हाती सापडता सापडता वाचते, धापा टाकत परत येते, डोळे चमकत असतात. जेफ तिच्याकडे बघतो. बाबा, तुम्ही तिथे टेप थांबवली होती. म्हणालात, "आता बघ याचा चेहरा." तोवर त्यानं सगळ्या चौकाकडे बघितलं होतं, खोलीत आलेल्या बाईकडे असं पहिल्यांदा बघितलं. पुढे ती आणि स्टेला खाली जाऊन फुलांचा वाफा खणतात, त्यात काही सापडत नाही, आणि कुणाला न विचारता लिझा लोखंडी जिन्यावरून थोरवाल्डच्या खिडकीत शिरते. जेफ वरून बघतो आहे. थोरवाल्ड परत येतो. दिवे जातात. ती जेफच्या नावानं ओरडते. आणि हा माणूस खुर्चीत तळमळतो, स्टेलाला विचारतो आता काय करायचं, डोळे मिटून घेतो. पोलीस येतात, तेव्हा लिझा पाठीमागे हात करून बोटातली अंगठी जेफला दाखवते. पुरावा. लग्नाची अंगठी तिनं स्वतः शोधून स्वतःच्या बोटात घातलेली.

लॉरा मल्व्ही नावाच्या अभ्यासक बाईंनी 1975 च्या एका गाजलेल्या लेखात म्हटलं आहे की लिझा पलीकडे गेली, समोरच्या चौकटीतलं दृश्य झाली, तेव्हाच जेफला तिची ओढ वाटली. म्हणजे शेवटी तोच बघणारा आणि तीच बघितली जाणारी. लेख मी मन लावून वाचला, आणि त्यात तथ्य आहे. पण मला पूर्ण पटला नाही. त्या क्षणी जेफ नुसता बघत नाही. त्याला कळतं की आपण काहीच करू शकत नाही आणि जे करायचं ते ती करते आहे. हे कळणं त्याच्या चेहऱ्यावर येतं, भीतीतून आणि अभिमानातून, एकाच वेळी.

तो चेहरा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. सांगलीत, मागच्या महिन्यात.

बाबा, ती रात्र आठवा. साडेअकरा वाजले होते. समोरच्या विंगेवरची टाकी भरून वाहायला लागली, बॉल कॉक अडकला होता, पाणी भिंतीवरून खालच्या मीटरच्या खोलीवर पडत होतं. वॉचमन गावाला गेलेला. पंप बंद केला तरी पाइपातून पाणी येतच होतं. सोसायटीतले दोघे-तिघे खाली उभे राहून फोन लावत होते. तुम्ही गॅलरीतून ओरडून सांगत होतात, कॉक बंद करा, डावीकडचा, पितळी. कुणी हलेना. आणि आपल्याला दिसलं, समोरच्या गच्चीच्या लोखंडी शिडीवर कुणीतरी चढतंय. दातात टॉर्च, साडीचा काचा मारलेला. सहासष्ट वर्षांची आपली आई.

तुम्ही ओरडलात, "अगं उतर! उतर म्हणतो ना!" मग आवाज बंद झाला. मी तुमच्याकडे बघितलं. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते, प्लास्टरचा पाय खाली टेकवायला निघाला होतात, मी धरलं तुम्हाला. ती वरच्या दांड्यावर पोचली, वाकली, हात आत घातला, आणि पाणी थांबलं. तेव्हा तुमचा चेहरा अगदी तसाच होता. तोंडून एक शब्द आला. "पोचली." एवढाच. पण तो शब्द ज्या आवाजात आला, तो आवाज मी तुमच्या तोंडून आधी कधी ऐकलेला नाही.

ती खाली आली, ओली, हात खरचटलेले. तुम्ही म्हणालात, "पडली असतीस म्हणजे?" ती म्हणाली, "पडले नाही ना." आणि झोपायला गेली. चेहऱ्यावरचं तुमचं ते तिनं पाहिलंच नाही. तिला ऐकू आलं ते फक्त रागावणं, आणि दोन दिवसांनी चहाच्या ट्रेसकट ते 'बाईमाणूस'.

बाबा, माझं एवढंच मागणं आहे. त्या रात्री जे वाटलं ते तिला सांगा. कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एकदा सांगा.

आणि 'बाईमाणूस' हा शब्द अपमान म्हणून वापरू नका. या घरात बाईमाणसानं काय काय केलंय ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तुम्ही महिना महिना साइटवर असताना आमचे ताप, परीक्षा, आजीचं शेवटचं दुखणं, सगळं तिनंच एकटीनं निभावलं. या दीड महिन्यात तिनं नवीन काही सुरू केलेलं नाही. फक्त तुम्ही पहिल्यांदा घरी बसून ते बघितलंत.

आई, तुलाही एक सांगायचं आहे. सिनेमाच्या शेवटी जेफचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असतात. खिडकीकडे पाठ करून तो झोपला आहे. लिझा शेजारी पलंगावर, पँट आणि शर्ट घातलेली, हातात हिमालयावरचं पुस्तक. वाटतं, त्याच्यासाठी ही बदलली. मग ती त्याच्याकडे बघते, त्याला झोप लागल्याची खात्री करते, पुस्तक बाजूला ठेवते आणि आपलं फॅशनचं मासिक उघडते. मला तो शेवट फार आवडतो. पण तुझ्यासाठी मला त्यातलं एक नको आहे. त्याचा डोळा लागेपर्यंत थांबणं.

तू बाबांच्या पलंगाला जागा करायला शिलाई मशीन पॅसेजमध्ये ढकललंस आणि वर चादर टाकलीस. मी विचारलं तर म्हणालीस, आत्ता कुठे वेळ आहे. आई, चाळीस वर्षं तू त्या मशीनवर गल्लीतल्या मुलींना ब्लाउज बेतायला शिकवलंस. आमच्या फीचे पैसे त्यातूनच आले. ते मशीन गॅलरीत घे, बाबांच्या खुर्चीशेजारी. तिथे उजेड चांगला येतो. बाबांना मशीनचा आवाज चालत नाही असं तू म्हणतेस. आज ते हे पत्र स्वतःच्या तोंडानं वाचत आहेत, तेव्हा त्यांनाच विचार, चालतो की नाही.

धाकटा शनिवारी येतोय. मी त्याला सांगितलं आहे, तो 'रिअर विंडो' टीव्हीवर लावून देईल. 112 मिनिटांचा आहे. आईचा पहिला तासभर राहिलेला आहे, तेव्हा त्या दिवशी सकाळीच पिठलं-भात करून ठेवा आणि तिला मध्ये उठू देऊ नका. बाबा, तुम्ही तिला तसंच मराठीत सांगा, मला सांगितलं होतंत तसं. आणि चिठ्ठी देऊन ती परत येते तिथे पुन्हा थांबवा.

बाकी इकडे सर्व ठीक. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे आले आहेत. एक्स-रे झाला की डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.

तुमची,
थोरली

ता. क. आई, त्या शिडीचा वरून तिसरा दांडा हलतो. तू उतरत होतीस तेव्हा मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं. सोसायटीला सांगून या आठवड्यात वेल्डिंग करून घे. तू पुन्हा चढणार आहेसच.